समुद्रयानाचं विदर्भाले काय?

वैनगंगाकाठ, पवनी
समुद्रयान, म्हणजे माणसं पाणबुडीत बसवून खोल समुद्रात पाठवायची सरकारी मोहीम. तिच्यावरच्या कालच्या एका पोस्टनं डोकं उठवलं. कापूसवाले भाऊ लिहितात, "विदर्भाले ना किनारा ना बंदर. समुद्रयानाचा पैसा म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. पहिले वावरात पाणी द्या." वरून लाइकचा पाऊस!

भाऊ, वावरात पाणी आणते कोण? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होते, ओडिशा-छत्तीसगडावरून इकडे सरकते, तेव्हा आमचं रोवणं होते. २०२३ चा ऑगस्ट विसरले? १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. दुखणं कुठलं, तं प्रशांत महासागरातलं, एल निनोचं, म्हणजे तिथलं पाणी तापल्याचं. उपग्रहाले समुद्राची वरची कातडीच दिसते. पोटातली उष्णता मोजायले आर्गोचे तरंगे, म्हणजे समुद्रात सोडलेली तरंगती यंत्रं लागतात. ते दोन हजार मीटर खाली जातात आणि दर दहा दिवसांनी वर येऊन तापमान, खारटपणा कळवतात. आपल्याकडचं हे काम हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था पाहते. हैदराबादले तरी कुठं किनारा आहे?

कापूसवाला, राळेगाव
लई शिकवलं राजेहो. पण तरंगे येगळे, समुद्रयानाची मत्स्य ६००० पाणबुडी येगळी. तीन माणसं टायटॅनियमच्या गोळ्यात बसवून सहा हजार मीटर खाली धाडले तं माह्या पऱ्हाटीवर थेंब पडते काय? २०२१ मध्ये ४०७७ कोटी मंजूर केले. अन् तुमचा तो पावसाचा अंदाज आयकूनच मी पेरलं होतं. दुबार पेरणी आली. बियाण्याचे पैसे समुद्रानं नाही देल्ले, सावकारानं देल्ले.

वैनगंगाकाठ
४०७७ कोटी पूर्ण डीप ओशन मिशनचे, म्हणजे खोल समुद्राच्या सगळ्या कामाचे आहेत, पाच वर्षांचे. एकट्या पाणबुडीचे नाही. हवामानबदलाचा अभ्यासही त्यातच आहे. पूर्ण वाचत जा ना भाऊ.

खाणवाल्याचा पोरगा, तुमसर
दोघंही खरं कारण टाळून रायले. मँगनीज! मध्य हिंदी महासागराच्या तळाशी मँगनीजचे गोटे पडले आहेत. तिथलं ७५ हजार चौरस किलोमीटर भारताले शोधासाठी भेटलं. अबे, मँगनीज तं आमच्या डोंगरी बुजुर्गले आहे, चिखल्याले आहे. त्यानं आमचं काय भलं झालं ते पहिले पाहा.

माहा बाप खाणीत होता. कोणत्या, ते सांगत नाही. घरी आला का नाकपुड्या काळ्या, थुंकी काळी. आईनं त्याचे कपडे कधी आमच्या कपड्यात धुतले नाही. इथं निदान मोर्चा तरी निघते. समुद्राच्या बुडाशी गोटे काढतानी गाळ उडन तेव्हा मोर्चा कोण काढन, मासे?

गुरुजी (सेवानिवृत्त), भंडारा
भावनेच्या भरात अर्धवट माहिती देऊ नये. त्या गोट्यांमध्ये निकेल, तांबे आणि कोबाल्टही असते. कोबाल्ट आपण बाहेरूनच आणतो. ज्या मोबाईलवर हे लिहिता त्याच्या बॅटरीत काय आहे? आणि त्याच खाणीवर तुमचे शिक्षण झाले, हेही सांगा.

खाणवाल्याचा पोरगा
झालं ना. बाप खोकून खोकून गेला, त्याची फी समजा. गुरुजी, तो गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढते. एकदा उचलला का संपलं. पेन्शनीत बसून कोबाल्टचं सांगणं सोपं आहे.

गुरुजी
पेन्शनवर येण्याची गरज नव्हती. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे.

धानवाली, साकोली
भांडा जी, भांडा. सहा हजार मीटर खालचा गाळ पाहायले पैसे आहेत. आमच्या मालगुजारी तलावात, जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या, गाळ भरून रायला, तो हाताले लागते इतक्या वर आहे. पाणी पुरत नाही, ढिवरांची मच्छी नाही. कधीचे अर्ज देऊन रायलो. त्याच्यात कोबाल्ट निघते म्हणून लिहू का आता?

वैनगंगाकाठ
ताई, गाळाचं शंभर टक्के खरं. पण मधात तलाव कुठून आला? मी पावसावर बोलत होतो.

धानवाली
पाऊस पडल्यावर तो साचते कुठं, भाऊ?

वैनगंगाकाठ
बरं, खाणकामाच्या बाजूनं मी नाहीच. गोटे राहू द्या तिथंच. पण खाली उतरून पाहायलाही नाही म्हणता, हे नाही पटत.

कापूसवाला
चला, तुमचे तरंगे मंजूर. तेवढे पैसे माह्याकडून माफ. अन् पाणबुडी धाडाचीच असन तं तिघातला एक आमच्या यवतमाळचा घ्या.

गुरुजी
म्हणजे आता पाणबुडीतही विदर्भाचा अनुशेष?

खाणवाल्याचा पोरगा
अनुशेषावर हसू नका गुरुजी. त्याच्यावर येगळा धागा काढतो, तिथं या.