मँचेस्टरच्या संगीतावरचा सिनेमा घरी दाखवायचाय: कोणता, कसा? (बजेट १५००)

पेठेतला_बेस: शनिवारी हॉलमध्ये आठ-दहा जणांना मँचेस्टरच्या पोस्ट-पंक आणि क्लबांच्या दिवसांवरचा सिनेमा दाखवायचाय. डोक्यात '२४ अवर पार्टी पीपल' आहे, पण 'कंट्रोल' आधी लावू का? बहुतेकांना बँडची नावंही माहीत नाहीत. प्रोजेक्टर आहे, स्पीकर नाही. बजेट १५००, सगळं धरून.

रीळवाला: '२४ अवर'च. मायकेल विंटरबॉटमचा, २००२चा. १९७६च्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या कार्यक्रमापासून हासिएंडा हा क्लब बंद पडेपर्यंत सगळं येतं. स्टीव्ह कूगनचा टोनी विल्सन (फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीचा कर्ताधर्ता) थेट कॅमेऱ्याशी बोलत कोण कोण ते सांगत जातो, नवख्यांची पंचाईत होत नाही. 'कंट्रोल' फक्त इयान कर्टिसचा, म्हणजे जॉय डिव्हिजन बँडच्या गायकाचा. आवाजाला फाइव्ह पॉइंट वन (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) रिसीव्हर घ्या, आमच्याकडे आहे.

पेठेतला_बेस: १५०० म्हटलंय हो.

चकती_संग्राहक: स्ट्रीमिंगवर मिळेल ते बघू नका, डिस्कच घ्या. रीजन तपासा, दुसऱ्या रीजनची डिस्क साध्या प्लेअरवर चालत नाही: ब्रिटिश डीव्हीडी २, अमेरिकन १, आपले प्लेअर ५. ब्लू-रेला ब्रिटन बी, अमेरिका ए, आपण सी. माझ्याकडे मल्टीरीजन प्लेअर आहे, त्यामुळे मला फरक पडत नाही.

खर्जवेडा: ब्लूटूथ स्पीकर नको. आवाज मागे पडतो आणि ड्रमवर काठी पडताना लगेच लक्षात येतं. साडेतीन एमएमची ऑक्स केबल लावा, शंभर-दीडशेत येते. ब्लूटूथच असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'जे' दाबा, दर दाबाला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. पीटर हुक (जॉय डिव्हिजन आणि पुढे न्यू ऑर्डरचा बेसवादक) बेसवर वरच्या पट्टीत चाल वाजवतो, तो छोट्या स्पीकरवरही ऐकू येईल. न्यू ऑर्डरच्या 'ब्लू मंडे' गाण्यातल्या किक ड्रमच्या ठोक्याचं मात्र भजं होईल. त्यासाठी सबवूफरवाला टू पॉइंट वन (दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) एका दिवसाच्या भाड्याने आणा. सबवूफर अगदी कोपऱ्यात नको, घुमतो. भिंतीपासून फूटभर पुढे ओढा.

गावठी_समीक्षक: 'ब्लू मंडे'च्या प्रत्येक प्रतीमागे तोटा व्हायचा हा सिनेमातला आकडा तेवढा खरा मानू नका.

रीळवाला: मुद्दा तो नाहीच. फॅक्टरीचा डिझायनर पीटर सॅव्हिलचं कापीव छिद्रांचं कव्हर महाग पडलं, हे तर खरं?

गावठी_समीक्षक: खरं. पण सिनेमात फॅक्टरी बुडणं आणि हासिएंडा बंद होणं लागोपाठ दिसतं. कंपनी १९९२लाच गेली, क्लब १९९७पर्यंत चालला. अर्थात सिनेमा स्वतःच हे कबूल करतो: स्वच्छतागृहातल्या प्रसंगात पडद्यावर बझकॉक्स बँडच्या हॉवर्ड डेव्होटोचं पात्र असतं, तिथेच खरा डेव्होटो सफाई कामगार म्हणून उभा आहे आणि असं काही घडल्याचं आपल्याला आठवत नाही म्हणतो. तिथे पॉज करून सांगा, नाहीतर गंमत कुणाला कळणार नाही.

अक्षरजुळणी: सबटायटल लागतीलच, उच्चार फार जड आहेत. फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेमची आणि सबटायटल २५चं असेल तर तासाला अडीच मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' दाबून तो जात नाही, ती बटणं सुरुवातीपासून सारख्याच असलेल्या फरकासाठी. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये चेंज फ्रेम रेट, आधी २५, मग २३.९७६, आणि यूटीएफ-८मध्ये सेव्ह. मग शेवटच्या वीस मिनिटांतला एखादा संवाद तपासा. सुरुवात जुळली म्हणून खूश होऊ नका.

रीळवाला: रॉबी म्युलरने डिजिटल व्हिडिओवर चित्रित केलाय. शंभर इंचांवर चित्र फुटतं, साठ-सत्तरवर ठेवा. प्रोजेक्टरचा शार्पनेस शून्य, मोशन स्मूदिंग बंद.

वाडेकरीण: घरात मोठी माणसं असतील तर आधी विचार करा. '२४ अवर'ला ब्रिटनमध्ये १८चं प्रमाणपत्र आहे, 'कंट्रोल'ला १५चं. दोन्हीत आत्महत्या आहे, सांगून ठेवा.

पेठेतला_बेस: ठरलं, 'कंट्रोल'च लावतोय. सासूबाई असणार आहेत. केबल घेतली, टू पॉइंट वन शेजाऱ्यांकडून फुकट मिळाला.

रीळवाला: काय हे! तो कृष्णधवल आहे, निदान पडदे तरी घट्ट ओढा. उजेड आला की काळा रंग राखाडी होतो.

नवा_सदस्य_७: ब्लूटूथ नको, आवाज मागे पडतो. रिसीव्हर घ्या.