केशवराव, देवल क्लब, शाहू स्मारक, पेठेतला मांडव: तुमची आठवण लिहा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांची दुसऱ्या दिवशी जयंती होती. तेव्हापासून चार कोल्हापूरकर भेटले की बोलणं फिरून तिथंच येतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू, तिचा इतिहास आपण सगळ्यांनी वाचलाय. इथं तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काय केलंत ते लिहा. केशवरावच पाहिजे असं नाही. पडद्यामागच्यांनी तर नक्की लिहा, त्यांचं कुणी लिहून ठेवत नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. सहावीत स्नेहसंमेलनात केशवरावच्या फळीवर, म्हणजे रंगमंचावर, उभी राहिले. समोर नुसता काळोख. आईला शोधत होते, ती दिसेना. मग मागून कुठून तरी तिचा खोकला ऐकू आला आणि माझं वाक्य मला आठवलं. तो खोकला एवढ्या लांबून इतका स्पष्ट कसा आला, याचं नवल मला अजून वाटतं. (पुढच्या प्रत्येक आठवणीच्या वर लिहिणारा कुठला ते दिलंय.)

मंगळवार पेठ

मी लाईटचं काम करतोय, बत्तीस वर्षं झाली. केशवरावात पहिल्यांदा शिरलो ते वायरी गुंडाळायला. प्रयोगाच्या दिवशी सकाळी टेम्पो दाराला लागायचा, दुपारपर्यंत नेपथ्य उभं राहायचं, मग आमची पाळी. शिडीवर चढायचं, एकेक स्पॉट हातानं वळवायचा. खालनं दिग्दर्शक ओरडणार, "अजून जरा डावीकडं घे, तोंड काळं येतंय!" स्पॉट तापला की पुढच्या रंगीत जिलेटीनचा कागद करपायचा. त्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. पहिली घंटा झाली की हात पुसायचे आणि उजेड कमी-जास्त करायच्या डिमरजवळ जाऊन बसायचं. तिसरीनंतर कुणाशी बोलायचं नाही.

त्या रात्री फोन आला, जेवत्या ताटावरनं उठलो आणि थिएटरकडं, खासबागेत पळालो. ही गर्दी. नाटकातली पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडालती. ज्यांच्याबरोबर भांडणं केली तीबी होती. मी छताकडं बघत होतो. ज्या आडव्या दांड्यांना आम्ही स्पॉट टांगायचो त्या कुठं असतील हे बाहेरनं बघून बी मला कळत होतं, आणि त्याच जागेवरनं जाळ वर निघालता. सकाळी बघितलं तर छत खाली आलेलं, दगडी भिंती तेवढ्या उभ्या. आत माझं काय सामान नव्हतं. तरी दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही.

राजारामपुरी

माझी आठवण देवल क्लबची. १८८३ पासूनची गाण्याची संस्था. माझ्या लहानपणी तिथल्या बैठकीला वडील मला पुढच्या बाजूला बसवायचे, झोप आली तरी उठू द्यायचे नाहीत. उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेब इथं शाहू महाराजांचे दरबारी गायक होते. त्यामुळे जयपूर घराण्याची गायकी या गावाच्या कानात मुरलेली आहे. अनवट, क्वचित गायला जाणारा राग सुरू झाला की मागचे म्हातारे पुढे सरकून बसायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका बैठकीत विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं ऐन रंगात आलेला असताना तानपुऱ्याची जोडीची तार तुटली. गायिकेनं आलाप थांबवला नाही, नुसती मान हलवली. साथीला बसलेल्या मुलीनं दुसऱ्या तानपुऱ्यावरच निभावून नेलं. ती मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल, तिचं बोट सोललेलं दिसत होतं. गाणं संपल्यावर गायिकेनं आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग श्रोत्यांना नमस्कार केला. आता तिथल्या सभागृहाला गोविंदराव टेंबे यांचं नाव आहे. 'मानापमान' या संगीत नाटकाच्या चाली त्यांच्या. त्या नाटकाचा दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला संयुक्त प्रयोग ८ जुलै १९२१ ला मुंबईत झाला, त्यात बालगंधर्व भामिनी होते आणि आपले केशवराव धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, वय अवघं एकतीस. देवल क्लबातून बाहेर पडलं की काही पावलांवर केशवरावांच्या नावाचं थिएटर. मला ते शेजारपण फार मोलाचं वाटतं.

शिवाजी पेठ

आमच्याकडं पहिला रंगमंच म्हणजे गणपतीतला सजीव देखावा. तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या पोरांनी महिनाभर आधी ठरवायचं, रात्री साडेनऊनंतर सराव. मी दोन वर्षं मावळा आणि एक वर्ष तानाजी. ध्वनिफितीवर ओठ हलवायचे, एका रात्रीत तोच प्रसंग वीस-पंचवीस वेळा. अकराव्या वेळेला पडलो तेव्हा गुडघा फुटला, पुढचे सगळे प्रयोग तसेच केले. बायामाणसं पोरं खांद्यावर घेऊन रस्त्यात उभी असायची. आज नाटकात काम करणाऱ्या कितीतरी जणांनी पहिली टाळी तिथंच घेतली आहे.

दसरा चौकाजवळ राहणारी

शाहू स्मारकचं सभागृह. तिथले फिल्म सोसायटीचे सिनेमे. मूकपटांच्या काळात सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात जगभरचे सिनेमे बघायला मिळाले, आणि संपल्यावर अनोळखी माणसं पायऱ्यांवर उभी राहून तासभर वाद घालत बसायची. मी बोलायला तिथं शिकले.

एक वेगळी गोष्टही लिहिते. शहरातल्या एका सभागृहात (नाव घेत नाही) वडिलांना व्हीलचेअरवरून नेलं होतं. दारात सहा पायऱ्या, उतरण नाही. चार अनोळखी तरुणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण बाबा परत कधी नाटकाला आले नाहीत. उचलून घेतलेलं त्यांना सहन झालं नाही. जे काही नवं बांधलं जाईल त्यात उतरण पहिल्या नकाशातच हवी.

कसबा बावडा

मी आत्ता बी.कॉम.ला आहे. राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या संस्थेच्या नाटकात माझं काम होतं, पण आमची वेळ आली ती आगीनंतर. प्रयोग दुसऱ्या सभागृहात केला. तालमीत सगळे सीनियर सांगायचे, "केशवरावात इथं उभं राहिलं की आवाज आपोआप जातो, इथं मात्र फेकायला लागणार." मला त्या 'आपोआप'चा अर्थच माहीत नाही. लाईटवाल्या काकांनी वरती लिहिलंय, त्यांना विचारायचं होतं: फळीवर नेमकं कुठं उभं राहायचं?

मंगळवार पेठ

बाळा, मधल्या पडद्याच्या खुणेपासनं तीन पावलं पुढं ये, जरा उजवीकडं सरक. तोंड बाल्कनीच्या कठड्याकडं ठेव, वर नको. आणि वाक्याचा शेवट गिळू नकोस, तिथं शेवटचं अक्षरसुद्धा मागच्या रांगेत पोचायचं. नवं झालं की पहिल्या दिवशी मला फोन कर. प्रेक्षक यायच्या आधी मी मागं जाऊन बसतो, तू बोल. तीन पावलं राहतात का चार होतात, ते बघू.