मोजमाप उलटवता येतं म्हणे!

उपद्व्यापी: परवा पुंजवेडा यांनी ठोकून दिलं, की येल विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगाने क्वांटम मोजमाप उलटवून दाखवलं, सबब कोपनहेगनवाले (मोजलं की अवस्था कोसळून एकच उत्तर कायमचं उरतं म्हणणारे) संपले आणि एव्हरेट (काहीच कोसळत नाही, सगळी उत्तरं आपापल्या जगात चालू राहतात म्हणणारा) जिंकला. गप्प बसणार होतो, पण त्याखालचं 'वा वा' बघून राहवलं नाही. तिथे कृत्रिम अणूची एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर होणारी उडी अर्ध्यावर असताना परतवली. डिटेक्टरचे क्लिक थांबले की उडी सुरू झाल्याची चाहूल लागते, तेवढ्यात पल्स द्यायचा. उडी पुरी होऊन पक्की नोंद झाल्यावर कुणीही काही उलटवलेलं नाही. एव्हरेटचा संबंध काय?

पुंजवेडा: 'संपले' जरा जास्त झालं, घ्या. पण २००८ चा फेज क्युबिटवरचा (शून्य आणि एक दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकणाऱ्या अतिवाहक मंडलावरचा) प्रयोग सोयीस्कर विसरलात! अर्धवट मोजमाप केलं, अवस्था शून्याकडे कलली. मग शून्य-एकची अदलाबदल, तेवढ्याच ताकदीचं दुसरं मोजमाप, की मूळ अवस्था परत हजर. क्वांटम सिद्धांताचं गणित मांडणाऱ्या फॉन नॉयमनने १९३२ साली जिला अपरिवर्तनीय म्हटलं ती प्रक्रिया हीच ना?

उपद्व्यापी: हजर, पण दोन्ही वेळा क्युबिट टनेल झाला (अडथळ्यापलीकडे निसटला) नाही तरच. मोजमापाची ताकद पी धरा. दोन्हीतून वाचण्याची शक्यता एक वजा पी. पी एक, म्हणजे मोजमाप पूर्ण, की यश शून्य. शिवाय अवस्था परत आली तेव्हा मिळालेली माहितीही पुसली गेली. हाती काहीच उरलं नाही, त्याला मोजमाप म्हणायचं?

जुनामास्तर: तुमचं चालू द्या. आधी ते 'क्वांटम इरेजरने, म्हणजे फोटॉनच्या वाटेची माहिती मागाहून पुसून, भूतकाळ बदलतो'वाले व्हिडिओ बंद करा कुणीतरी. पुतण्याने डोकं खाल्लं माझं. अरे, किम आणि मंडळींच्या २००० च्या प्रयोगात एकूण नमुन्यात व्यतिकरणाचे पट्टे नसतातच! जोडीदार फोटॉनच्या नोंदी बघून ठिपके वेगळे काढले की मग दिसतात. हे सांगितलं तर म्हणतो, "काका, तुम्ही जुन्या वळणाचे."

का_बरं: पुतण्या निदान विचारतो तरी. मला एम.एस्सी.ला सरांनी 'अर्थ नको, गणित करा' म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं.

जुनामास्तर: गणित केलं होतंत का पण?

का_बरं: केलं होतं, म्हणूनच विचारलं! तुमच्यासारख्यांनी हा प्रश्न पन्नास वर्षं अडगळीत टाकला. हे वाद प्रयोगाने तपासायची वाट दाखवणाऱ्या जॉन बेलचं काम कितीजणांनी वेळेवर वाचलं?

जुनामास्तर: 'तुमच्यासारखे' म्हणजे कोण? मी बेल शिकवलाय, आणि वर्गातून कुणाला हाकललेलं नाही. तोंड सांभाळून.

पुंजवेडा: अहो, मुद्द्यावर या. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइचने १९८५ मध्येच कोण बरोबर ते ठरवायची कसोटी दिली आहे. बंद प्रयोगशाळेतला मित्र मोजतो, 'मला ठाम उत्तर मिळालं' एवढंच बाहेर कळवतो, उत्तर कोणतं ते नाही. मग बाकी सगळं उलटवायचं. एव्हरेट किंवा बोम (कणाला कायम ठाम जागा असते, कोसळणं नाहीच म्हणणारा) खरे असतील तर मूळ अवस्था दर वेळी परत येईल. मित्राच्या मोजमापाने अवस्था खरोखर कोसळत असेल तर नाही. जीआरडब्ल्यूत, म्हणजे अवस्था आपोआप कोसळते मानणाऱ्या सिद्धांतात, एकटा न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) कोट्यवधी वर्षांतून एकदा कोसळतो, पण मोठ्या उपकरणात असंख्य असतात, त्यामुळे तिथे उलटवणं संपलंच.

उपद्व्यापी: ही कसोटी मान्य, तुमच्या दोन्ही प्रयोगांपेक्षा कितीतरी सरस. त्या प्रयोगांबद्दल सगळ्या पंथांचं भाकीत सारखंच, त्यामुळे निकाल लागायचा प्रश्नच नव्हता. पण कोपनहेगनवाला यातूनही निसटेल: 'बंद खोलीत नोंद पक्की झालीच नव्हती, म्हणजे मोजमापच नव्हतं.' आणि मित्र आणणार कुठून? २०१९ च्या सहा फोटॉनवाल्या प्रयोगात 'मित्र' म्हणजे फोटॉनच होता. त्याला काय दिसलं ते विचारून सांगा.

पुंजवेडा: डॉइचने मित्र म्हणून क्वांटम संगणकावरची कृत्रिम बुद्धी सुचवली होती, मनुष्यप्राणी नव्हे. थोडं वाचत जा.

उपद्व्यापी: बांधा, मग बोलू. तोवर एव्हरेटचा विजय थोडा लांबवा.