मदत हवी आहे : कन्कशनमधून (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) मुलगा खरंच बरा झालाय का, कसं ओळखायचं?

मंजिरी_ओहायो
मुलगा इथे कॉलेजात फुटबॉल खेळतो. टॅकल करताना डोकं आपटलं. ट्रेनर म्हणतात, कॉम्प्युटरची टेस्ट बेसलाइनला (मार लागण्याआधीच्या पातळीला) आली, सोमवारपासून कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस (अंगाला भिडून सराव). काल व्हिडिओ कॉलवर त्याने तीच गोष्ट मला दोनदा सांगितली. ट्रेनरना फोन केला तर, "तो सज्ञान आहे, तुम्हाला माहिती देता येणार नाही." काय करू? लवकर सांगा.

तालीमवाला_कोल्हापूर
ताई, हेडरने होतं असं. आम्ही तालमीच्या संघातून खेळताना तोंडावर पाणी मारून परत उतरायचो. काही झालं नाही.

फिजिओ_नाशिक
दादा, हा अमेरिकन फुटबॉल, आणि तो सल्ला कुठल्याच फुटबॉलला देऊ नका.
मंजिरीताई, मार कधी लागला? आधी कधी लागला होता? उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून न उठणं यातलं काही असेल तर आत्ता इमर्जन्सीला न्यायला सांगा.

मंजिरी_ओहायो
तसलं काही नाही. गेल्या शनिवारी लागला, आज गुरुवार. हायस्कूलला एकदा झालं होतं, ते लिहायचं राहिलं.

सुलभा_ठाणे
दहा दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवा, मोबाईल बंद. आणि ब्राह्मी द्या. माझ्या भाच्याला गुण आला.

फिजिओ_नाशिक
सुलभाताई, अंधारी खोली आता कुणी सांगत नाही. 2022 च्या ॲमस्टरडॅम परिषदेत ठरलं ते असं : पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, स्क्रीन कमी, आणि त्रास फार वाढत नसेल तर त्याच काळात हलकं चालणं.

"हायस्कूलला एकदा" हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं, ताई. 2003 साली कॉलेज फुटबॉलपटूंवरचा अभ्यास आला. साधारण तोल 3 ते 5 दिवसांत, स्मरण-एकाग्रता 5 ते 7 दिवसांत, त्रास आठवडाभरात सावरला. पण ही सरासरी झाली, आधी कन्कशन झालेल्यांना जास्त वेळ लागू शकतो. त्याच संशोधकांना एकाच हंगामात दुसऱ्यांदा कन्कशन झालेले 12 खेळाडू दिसले, त्यातल्या 11 जणांना पहिल्यापासून 10 दिवसांच्या आत. तुमचा सोमवार नववा दिवस आहे.

एकट्या कॉम्प्युटर टेस्टवर जाऊ नका. काही मुलं हंगामाआधीची बेसलाइन मुद्दाम वाईट देतात, म्हणजे मार लागल्यावरही टेस्ट ठीक दिसते. तोलाची चाचणी झाली का विचारा : हात कमरेवर, डोळे मिटून, आधी जमिनीवर, मग फोमवर, दर वेळी 20 सेकंद. आणि 22 लक्षणांच्या तक्त्यात त्याने काय भरलं?

सुलभा_ठाणे
भाचा बरा झाला एवढं मला माहीत आहे.

डॅलसकर
स्कॉलरशिप आहे का? इन्शुरन्स कुणाचा? बिलं आधी तपासा.

बे_एरिया_बाबा
बिलांचं नंतर. मुलाने लेखी संमती दिली की ट्रेनर तुमच्याशी बोलू शकतात. खेळू द्यायचं की नाही हे टीम डॉक्टर ठरवतात, कोच नाही. हे मुलालाही सांगा.

मंजिरी_ओहायो
आत्ता बोलले त्याच्याशी. तक्त्यात सगळीकडे शून्य भरलंय. "आई, खरं लिहिलं असतं तर माझी जागा दुसऱ्याला गेली असती." बोलताना खिडकीकडे पाठ होती. विचारलं तर म्हणाला, उजेड टोचतो. मी रडले नाही, फक्त म्हटलं, हेच त्या तक्त्यात लिही. संमतीचा फॉर्म पाठवलाय त्याने. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातोय, फोमवरची चाचणी करा असं स्वतः सांगणार आहे.

फिजिओ_नाशिक
हायस्कूलचं कन्कशनही सांगायला लावा. त्याच्याच तोंडून.

डॅलसकर
पण इन्शुरन्स कुणाचा आहे?