फ्रेंच पोरांचं 'माराव' आलं कुठून?

उलटापालटा: रॅप ऐकून फ्रेंच शिकतोय, त्यामुळे वर्गातल्या बाई रोज कपाळावर हात मारून घेतात. 'फाम' (बाई) उलटवून 'मफ', असलं वेर्लाँ, म्हणजे शब्द उलटवून बोलायची फ्रेंच पोरांची बोली, आता जमतं. काल 'माराव' ऐकलं, अर्थ चोप देणे. उलटवलं तर 'रावमा'! अरबी आहे का? आणि भूतकाळात नुसतंच 'झे माराव' कसं? शेवटी 'ए' नको?

धातुसाधित: अहो, उलटवताय कशाला, सरळच वाचा की. मार!
शब्द रोमानीतला, म्हणजे युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतला. तिथे 'मारव' म्हणजे 'मी मारतो'. शेवटचा 'अव' हा 'मी'चा प्रत्यय. फ्रेंचांनी तो शेपटासकट उचलला आणि तसाच ठेवला. 'झे माराव' म्हणजे 'माझं मी-मारतो झालंय' असलं काहीतरी. भावंडंही आहेत: 'शुराव' चोरणे, 'बिक्राव' विकणे (बहुतेक वेळा गांजाबिंजा), 'पियाव' पिणे, आणि पाणी नव्हे.

शंकेखोर: झालं सुरू! उद्या आयफेल टॉवरही आपलाच. नुसता आवाज जुळला म्हणून नातं लागत नाही.

धातुसाधित: आवाजावर नाहीच बोलत मी. आपला 'व' रोमानीत सुरुवातीला 'ब' होतो: आपलं वीस, त्यांचं बिश; आपलं विकणे, त्यांचं बिकिन-. असं ओळीनं जुळलं तर तो योगायोग नसतो. आणि मराठीतून गेलं असं कुठे म्हटलं? रोमा लोकांचे पूर्वज भारतातून निघाले, पॅरिसपाशी ते १४२७ साली पोचल्याची नोंद आहे. दोन्ही भाषांची आजी एक, एवढंच.
'सुरँ' हा चाकूसाठीचा जुना गुन्हेगारी शब्द बघा, आधी 'शुरँ' होता. रोमानी 'छुरी'. एझेन स्यूच्या १८४२-४३च्या कादंबरीत 'शुरिनर' नावाचं पात्रच आहे, म्हणजे सुरीवाला.

शंकेखोर: 'बिश' पटलं. टॉवर परत केला.

उलटापालटा: मग 'किफे', म्हणजे एखादी गोष्ट जाम आवडणे, तेही रोमानी?

धातुसाधित: नाही, तुमचं अरबी ते हे. उत्तर आफ्रिकेतल्या अरबी बोलीतला 'किफ' तिकडे गेला. आपल्याकडे तोच शब्द फारसीच्या वाटेनं येऊन बसलाय: कैफ.