नंबर सांगा! (दिलेले, टाळलेले आणि अंगाशी आलेले अनुभव)

परवा डोंबिवलीत एका दुकानात दोन परकर आणि उशीचे अभ्रे घेतले. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "नंबर?" म्हटलं, देणार नाही. "मॅडम, नंबराशिवाय बिलच निघत नाही." ग्राहकाच्या नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय, हे मला पाठ होतं. पण मागे सहा माणसांची रांग. त्यातले एक काका म्हणाले, "अहो द्या ना, नंबरच मागतेय, किडनी नाही." दिला. तोही खरा दिला, आयत्या वेळी खोटा सुचलासुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत साड्यांच्या सेलचे तीन मेसेज.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. तो रांगेत उभं राहून कसा वापरायचा, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मतं नकोत, ती आपल्याकडे पोत्याने आहेत. स्वतःवर काय गुदरलं ते लिहा. तुम्हीच कुणाची पीडीएफ ढापली असेल तर तेही चालेल. दुकानं, बँका, अॅपं यांची नावं मात्र टाळा.

चकलीचा_साचा
आमच्या कॉलेजजवळचा झेरॉक्सवाला. भिंतीवर त्याचा व्हॉट्सअॅप नंबर, त्यावर फाइल पाठवायची आणि प्रिंट घ्यायची. एकदा माझी फाइल सापडेना म्हणून त्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला. आधार, पॅन, मार्कशीट, कुणाचा तरी भाडेकरार, एकीचा सोनोग्राफी रिपोर्ट, सगळं एकाच फोल्डरमध्ये, दोन वर्षांचं. "डिलीट करत नाही?" म्हटलं तर म्हणाला, "पोरं परत येतात ना, म्हणतात तीच प्रिंट द्या." माणूस सज्जन आहे, म्हणून तर जास्त भीती वाटली. तेव्हापासून मी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देतो. निम्म्या ठिकाणी "हे चालत नाही" म्हणून परत करतात.

जुना_तारमास्तर
चकलीचा_साचा, त्यांचाही दोष नाही. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्याच एका कार्यालयाने पत्रक काढलं होतं की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या. दोन दिवसांत ते मागे घेतलं, कारण म्हणे लोक गैरसमज करून घेतील. मी तोवर घरातल्या सगळ्या प्रती फाडून बसलो होतो.

मागावरचा_धागा
सोलापूर. दुसऱ्या लॉकडाउनमध्ये माग बंद होते. अॅपवरून ५,००० चं कर्ज मागितलं, हातात ३,१०० पडले, बाकी 'प्रोसेसिंग'. सात दिवसांत पुरते ५,००० परत करायचे. आठव्या दिवशी फोन सुरू झाले, आणि ते मला नव्हतेच. साडूला, मुलीच्या बाईंना, गॅस सिलिंडर आणणाऱ्या पोराला. माझा फोटो, खाली लाल अक्षरात 'चोर'. फोनमध्ये जेवढे नंबर होते तेवढ्यांना गेला. सिलिंडरवाल्याने दारात हळूच विचारलं, "दादा, काही लागतंय का? हजारभर हायती माझ्याकडं." तेव्हा पाय लटलटले.

परवानगी मीच दिली होती. 'अलाउ, अलाउ' करत चारदा अंगठा दाबला, काय वाचलं नाही. कर्जाच्या अॅपने कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०२२ मध्ये आला. आमची बेअब्रू त्याच्या वर्षभर आधीच उरकली होती. अजून अनोळखी नंबर आला की बायको दुसऱ्या खोलीत जाते.

धागाकर्ती
मागावरचा_धागा, काय बोलू कळत नाही. लिहिलंत त्याबद्दल आभार.

बाणेरची_बाल्कनी
आमच्या सोसायटीत गेटवर अॅप आहे. कामाच्या मावशी आत आल्या की सगळ्या घरांना कळतं: फोटो, वेळ, आज किती घरं केली. वर तारेही द्यायचे. मावशींनी एकदा विचारलं, "ताई, मी कधी आले ते समद्यांना दिसतं. साहेब रात्री कधी आले ते मला दिसतं का?" कमिटीच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं, लोक हसले आणि विषय पार्किंगवर गेला.

शाईचा_डाग
मी छोटा दिवाळी अंक काढतो. किंमत ३००, प्रती १,२००. गेल्या वर्षी वसुबारसेला अंक आला आणि लक्ष्मीपूजनाला तो आमच्याच गावच्या साहित्यप्रेमी ग्रुपवर पीडीएफ होऊन अवतरला. पान ४७ वर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाही छापून आला होता. अॅडमिनला फोन केला तर म्हणतो, "सर, ज्ञान दिल्याने वाढतं." वाढतं खरं, फक्त मुद्रकाचं बिल त्याने भागत नाही. गंमत म्हणजे त्याच ग्रुपवर आदल्या दिवशी 'माझे फोटो वापरण्यास मी कंपनीला परवानगी देत नाही' हा जुनाच फॉरवर्ड फिरत होता. स्वतःच्या गणपतीच्या फोटोवर हक्क आहे, माझ्या लेखकांच्या कथेवर नाही.

इंदूरी_शेव
शाईचा_डाग, तुमचा अंक विकत घेईन. पण कबुली देते. इथे मराठी पुस्तकांचं दुकान शोधावं लागतं, आणि जुनी, पुन्हा न छापलेली पुस्तकं पैसे देऊनही मिळत नाहीत. ती मी पीडीएफच वाचते. लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो, पण वारसही छापत नाहीत तेव्हा वाचकाने काय करायचं? आणि विकत घेतलेलं तरी आपलं असतं का? अॅमेझॉनने विकलेली ई-पुस्तकं २००९ मध्ये लोकांच्या किंडल या वाचनयंत्रातून परस्पर पुसली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत केले, माफीही मागितली. पण दुकानदार रात्री घरात शिरून कपाट उघडू शकतो, हे तेव्हा कळलं.

शिकागोचा_पाव्हणा
इथे इलिनॉय राज्यात २००८ पासून कायदा आहे: विचारल्याशिवाय चेहऱ्याची किंवा बोटांची नोंद घेतली तर माणूस स्वतः कंपनीला कोर्टात खेचू शकतो. फोटोतले चेहरे ओळखणाऱ्या एका बड्या कंपनीला ६५ कोटी डॉलर मोजावे लागले. ऑफिसात निम्म्या लोकांना ४०० डॉलरच्या आसपास चेक आले. मी त्या काळात टेक्सासात राहत होतो, मला ठेंगा. आपल्याकडे २०२३ च्या डेटा कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो सरकारजमा. ज्याची माहिती फुटली त्याला एक छदामही नाही. सोलापूरच्या दादांचं वाचून हेच मनात आलं.

काउंटरवाली
मी त्या परकराच्या काउंटरच्या पलीकडची समजा. पाच वर्षं मॉलमध्ये बिलिंग केलं. शंभर बिलांमागे ऐंशी नंबर आलेच पाहिजेत, नाहीतर महिनाअखेरीला बोलणी. गिऱ्हाइकाने नाही म्हटलं की आम्ही दहा नव्वे दाबायचो आणि बिल निघायचं. तेव्हा 'नंबराशिवाय बिलच निघत नाही' हे खोटं, धागाकर्तीताई. आम्हाला तसं बोलायला शिकवलेलं असतं.

धागाकर्ती
वाटलंच होतं! पण मग त्या दहा नव्वांच्या नावावर पॉइंट जमत असतील ना?

काउंटरवाली
हो, रोजचे. तेव्हा ओटीपी लागत नसे. एका दिवाळीत त्यावर कुणीतरी मिक्सर घेऊन गेलं. कोण, ते सांगणार नाही. प्रायव्हसी आहे ना.