एक्स्टर्नल हार्ड डिस्क मध्येच गायब होते, तातडीने मदत हवी

पाऊलवाट
डिस्क जोडली की दिवा लागतो, ड्राइव्ह दिसतो आणि थोड्या वेळात गायब. परत आपोआप येतो, परत जातो. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की हमखास. आजपासून ‘फॉरमॅट करायचं का’ असंही विचारतंय. आत घरचे सगळे फोटो आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. ड्रायव्हर नव्याने टाकून झाला. प्लीज लवकर सांगा.

रानपाखरू
आधी फॉरमॅटला ‘नाही’ म्हणा. आता सांगा, डिस्क अडीच इंची की वेगळा अडॅप्टर लागणारी साडेतीन इंची? लॅपटॉप की डेस्कटॉप? थेट लावलीय की हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा)? आवाज कसा येतो?

शुभ्रा_क
माझ्याकडे ४ जीबीच्या वरची फाइल कॉपीच होत नव्हती. डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत फॅट३२ काढून एनटीएफएस केलं, प्रश्न मिटला.

रानपाखरू
शुभ्राताई, तो त्रास वेगळा. यांच्या डिस्कचा संपर्कच तुटतोय. आणि एनटीएफएस करायला फॉरमॅट करून बसले तर फोटो जातील ना!

पाऊलवाट
छोटीच आहे, अडॅप्टर नाही. डेस्कटॉप. आवाज म्हणजे... हलकी टिकटिक, मग फिरायची थांबते. ड्रायव्हरचं कुणी बोलत नाही?

दगडफूल
चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवा. माझ्या दोन डिस्क त्यानेच सुधारल्या.

जुना_खिळा
अजिबात नको. चेकडिस्क दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं. मध्येच वीज तुटली तर आहे तेही विस्कटेल.
पाऊलवाट, हबचं उत्तर दिलं नाहीत.

पाऊलवाट
हो, हब आहे. कीबोर्ड, माउस, वेबकॅम त्यातच. पेन ड्राइव्ह तर छान चालतो त्यावर!

जुना_खिळा
पेन ड्राइव्हला मोटर नसते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपियर देतो, यूएसबी ३ चा ९००. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना १ अँपियरच्या आसपास ओढू शकते. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तेवढीच वीज सगळ्यांत वाटतो. मोटर उचलत नाही, म्हणून टिकटिक. डिस्क कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, आखूड केबलने. समोरचे पोर्ट आतून वायरने आणलेले असतात, तिथे व्होल्टेज पडतं. थेट लावूनही टिकटिक राहिली तर मात्र लगेच बंद करा. मग दोष हेडचा, म्हणजे डिस्कवरून वाचणाऱ्या भागाचा, असू शकतो, आणि जितकी चालवाल तितकं नुकसान.

नदीकाठ
पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा.

रानपाखरू
ते रिकाम्या बसलेल्या डिस्कला झोपवतं. इथे कॉपी चालू असताना जातेय.

शुभ्रा_क
यूएसबी ३ ची डिस्क लावली की माझा वायरलेस माउस अडखळतो, तेही विजेमुळेच का?

जुना_खिळा
नाही, ती २.४ गिगाहर्ट्‌झची गडबड, डिस्कचा रेडिओ गोंगाट माउसच्या लहरींत मिसळतो. माउसचा रिसीव्हर डिस्कपासून लांब लावा.

पाऊलवाट
मागे लावली, दुसऱ्या केबलने. टिकटिक बंद! ड्राइव्ह टिकून आहे, फोल्डर उघडतायत. फोटो कॉपी करतोय, पण एका फोल्डरवर अडकतंय.

रानपाखरू
तो सोडा, बाकीचे आधी उतरवा. मग स्मार्ट रीडिंगमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांचा, आकडा बघून इथे टाका. शून्य नसेल तर त्या डिस्कवर पुन्हा काही ठेवू नका.

दगडफूल
कॉपी झाल्यावर तरी चेकडिस्क?

जुना_खिळा
कॉपी केलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर उघडून बघितल्यावर, खुशाल.